दर्शनी दात

चिक्कीचा तुकडा चावताना लनेट साइझमोरचा समोरचा दात तुटला, तेव्हा लॉबीत टाळ्या चालू होत्या. कंपनीचं हे सलग नववं वाढीचं वर्ष होतं. रुग्णालयं चालवणारी ही कंपनी नॅशव्हिलच्या मधोमध बावीस मजले घेऊन उभी होती, आणि फेब्रुवारीतल्या त्या मंगळवारी बावीसही मजल्यांवरची माणसं खाली उतरून दाटीवाटीने उभी राहिली होती. अध्यक्षबाई बोलत होत्या. त्यांच्या मागच्या मोठ्या पडद्यावर एक निळी रेघ डावीकडून उजवीकडे चढत गेली होती, आणि शेवटी शेवटी तर इतकी उभी झाली होती की लनेटला तिच्याकडे बघताना आपोआप मान वर करावी लागत होती. ही वाढ आपल्या सगळ्यांची आहे, असं अध्यक्षबाई म्हणाल्या. प्रत्येकाला पेकानच्या चिक्कीचा एकेक डबा मिळाला होता. लनेट कंपनीची नव्हती, ठेकेदाराची होती. आठ वर्षं ती याच लॉबीत स्वागताच्या टेबलामागे बसत होती, पण तिचा पगार दुसरीकडून यायचा. तरी कुणीतरी आठवणीने एक डबा तिच्याही टेबलावर ठेवला होता आणि तिला त्याचं फार बरं वाटलं होतं. म्हणूनच तिने तो घरी न नेता तिथेच उघडला. आवाज बाहेर आला नाही, डोक्याच्या आत आला, वाळलेली काटकी पायाखाली मोडावी तसा. तिला आधी वाटलं, पेकानचं टरफल असेल. मग जीभ वर गेली आणि जिथे कायम काहीतरी असायचं तिथे तिला काहीच सापडलं नाही, फक्त एक धारदार कड. तिने तोंडाला कागदी रुमाल लावला, खोकल्यासारखं केलं, आणि तो तुकडा डाव्या मुठीत घेतला. भाषण संपलं. सगळ्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. मूठ न उघडता लनेटनेही उजवा हात तिच्यावर आपटत टाळ्या वाजवल्या.

दुखत नव्हतं, हेच तिला विचित्र वाटत होतं. दुखलं असतं तर मन दुखण्यात गुंतलं असतं. आता ते नुसतं जिभेच्या मागे मागे जात होतं आणि जीभ त्या कडेवर पुन्हा पुन्हा जात होती, जसं एखाद्या घरातलं माणूस गेल्यावर आपण त्याच्या रिकाम्या खोलीत उगाच डोकावतो. दुपारी लोक बाहेर पडू लागले तेव्हा तिने ओठ मिटून हसायचा प्रयत्न केला. आठ वर्षांत ती कधी ओठ मिटून हसली नव्हती. तिचं हसू रुंद होतं, डोळ्यांपर्यंत जाणारं. मुलाखतीच्या वेळी ठेकेदाराकडची बाई म्हणाली होती की टायपिंग शिकवता येतं, हे शिकवता येत नाही. अकराव्या मजल्यावरचा ग्रेसन नावाचा तिशीतला साहेब रोज सकाळी हातातला कॉफीचा कप उंच करून तिला 'गुड मॉर्निंग, सनशाइन' म्हणायचा. त्याला तिचं नाव माहीत नसावं, पण टेबलावर पाटी असूनही नाव न वाचणाऱ्यांमध्ये निदान तो थांबून बोलायचा. त्या संध्याकाळी तो म्हणाला, 'काय सनशाइन, आज ढग आलेत वाटतं?' ती काहीतरी बोलायला गेली आणि तिच्या लक्षात आलं की तिच्या 'स'मधून वारा जातोय. तिने वाक्य मध्येच सोडलं आणि हात हलवला. घरी जाताना बसमध्ये ती मनातल्या मनात शब्द निवडत होती: कुठले म्हणता येतील, कुठले नाहीत. स्वागत म्हणता येणार नव्हतं. सुप्रभात नाही. साहेब नाही. साइझमोर तर नाहीच.

तीन दिवस तिने हाताआड बोलून काढले. चौथ्या दिवशी मिस क्लॉडेट आल्या. ठेकेदाराकडच्या या साठीच्या काळ्या बाई शहरातल्या अशा सोळा लॉब्या सांभाळायच्या आणि सोळाही ठिकाणच्या मुलींना, त्या पन्नाशीच्या असल्या तरी, लेकी म्हणायच्या. त्यांनी लनेटला मागच्या जिन्यापाशी नेलं, तोंड उघडायला लावलं, आणि गाय विकत घेणाऱ्यासारखं नाही तर आईसारखं, हनुवटीखाली बोट लावून बघितलं. वरून विचारणा झाली आहे, एवढंच त्या म्हणाल्या. कुणी तक्रार केली नव्हती. फक्त विचारलं होतं की त्या बाईंची तब्येत बरी आहे ना. 'लेकी, मी तुला काढत नाही,' त्या म्हणाल्या, 'पण समोर बसवू पण शकत नाही. तू तोपर्यंत तळघरात पार्सलं बघ. महिनाभर मी जागा धरून ठेवते. त्यापुढे माझ्या हातात नाही.' लनेटने मान हलवली. तिला मिस क्लॉडेटचा राग आला नाही. त्यांच्या स्वतःच्या दोन दाढा नव्हत्या हे तिने कधीच बघितलं होतं. पण दाढा मागे असतात.

तिच्या विम्यात डोळे होते, हृदय होतं, यकृत होतं, दात नव्हते. दात हा जणू शरीराचा भागच नव्हता, एखादा दागिना होता. ज्या एका डॉक्टरकडे ती गेली त्याने मूळ काढून स्क्रू बसवून वर नवा दात लावायचा खर्च सांगितला तेव्हा तिला वाटलं त्याने चुकून सगळ्या दातांचा सांगितला. तिथल्या आरामखुर्चीत पडल्या पडल्या छताकडे बघताना तिला ममाची आठवण झाली. ममाचे सगळे दात तिच्या लग्नाच्या आदल्या आठवड्यात काढले होते. ती एकोणीस वर्षांची होती आणि त्यातले बरेच दात चांगले होते. त्या काळी त्यांच्या गावाकडे डोंगरात काही घरांत मुलीच्या बापाने हे लग्नाआधीच उरकून द्यायचं असे, म्हणजे पुढे नवऱ्यावर तिच्या दातांचा भार पडायला नको. ममा हे कधी रडगाणं म्हणून सांगत नसे. लग्नातला आहेर सांगावा तसं सांगायची: दोन गोधड्या, एक लोखंडी तवा, आणि कवळी. लनेट आठ वर्षांची असताना एकदा पहाटे पाणी प्यायला उठली आणि स्वयंपाकघरात ममाला कवळीशिवाय बघून किंचाळली होती. चेहऱ्याचा खालचा अर्धा भाग आत गेलेला, गाल पडलेले, बोळकं. बत्तीस वर्षांची ती बाई क्षणभर कुणाचीतरी पणजी झाली होती. ममा घाबरून तिला जवळ घ्यायला आली आणि लनेट भिंतीला चिकटून उभी राहिली. त्या दिवसापासून ती सोडा लावून दिवसातून तीनदा दात घासू लागली. धाकटा भाऊ डॅरेल तिची नक्कल करायचा, सोड्याचा फेस ओठांवर काढून 'मी शहरातली बाई' म्हणत अंगणभर फिरायचा. विसाव्या वर्षी ती नॅशव्हिलला आली तेव्हा तिच्याकडे एक सुटकेस होती आणि हे दात होते. पुढे नवरा आला आणि गेला, शहर वाढत गेलं. जिथे ती राहायची तिथे कॉफीची दुकानं आली, मग उंच इमारती आल्या, आणि प्रत्येक वेळी ती थोडी बाहेर सरकली, तीनदा. आता कामावर यायला तिला दोन बस लागायच्या. पण लॉबीत ती ज्या जागी बसायची तिथे दार उघडलं की सगळ्यात आधी तीच दिसायची, आणि तिला हे कुठेतरी पुरत होतं.

तळघरात खिडकी नव्हती. पार्सलांवरची नावं वाचताना तिला कळलं की ती या माणसांना चेहऱ्याने ओळखते, नावाने नाही, आणि ती माणसं तिला तेवढंही ओळखत नाहीत. आठवडा झाला तरी कुणी तिची चौकशी करायला खाली आलं नाही. यायचं कारणही नव्हतं. वर तिच्या जागी चोवीस वर्षांची एक मुलगी बसत होती आणि लॉबी पूर्वीइतकीच उजळ होती. एके दिवशी पार्सलांसोबत टी-शर्टांचे खोके आले. कंपनीचे लोक दरवर्षी मार्चमध्ये पूर्वेच्या डोंगराळ भागात दातांच्या मोफत शिबिरात सेवेला जात. लनेटला ते माहीत होतं. नावं नोंदवायचा कागद आठही वर्षं तिच्याच टेबलावर असायचा आणि ती लोकांना पेन द्यायची. शिबिर ज्या काउंटीत भरायचं ती तिची स्वतःची काउंटी आहे, हे तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. त्या खोक्यावर तारीख होती, बारा दिवसांनंतरची.

तिने डॅरेलला फोन केला. नाताळनंतर पहिल्यांदाच. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर शिबिराचा विषय कसा काढावा याचा ती विचार करत होती, तोच तो म्हणाला, 'नेटी, समोरचा गेला का?' तिला कळेना त्याला कसं कळलं. 'ऐकू येतं ना,' तो म्हणाला. 'इथे सगळे असेच बोलतात.' डॅरेल अठराव्या वर्षापासून मोज्यांच्या गिरणीत होता. त्या गावात बाकी काही नव्हतं, पण देशातल्या किती पायांत आपले मोजे आहेत हे तिथलं शेंबडं पोरही सांगायचं. गिरणी बंद पडली तेव्हा तो बत्तीस वर्षांचा होता. मग लाकडाच्या वखारीत पाठ गेली, आणि पाठीमागोमाग दात एकेक करून गेले. आता तो तळ्याकाठच्या लोकांचं गवत यंत्रावर बसून कापायचा. चार वर्षांपूर्वी याच शिबिरात त्याचे उरलेसुरले काढले. कवळी पुढच्या वर्षी मिळेल म्हणाले. शिबिराबरोबर एक ट्रक यायचा, त्यात कवळ्या बनवणारे असायचे, पण एका शिबिरात तीसच बनत, आणि डॅरेलचा नंबर दर वर्षी तिसाच्या पुढे गेला. फोन ठेवताना तो म्हणाला, 'तू ये. रांगेचं मी बघतो.' आणि मग, 'सरळ शाळेवर ये, घरी पसारा आहे.'

तो असं म्हणाला तेव्हा तिला ते आठवलं, जे ती तीन वर्षं आठवत नव्हती, म्हणजे रोज आठवूनही आठवत नसल्यासारखं करत होती. डॅरेल अपंगत्वाच्या कागदांसाठी शहरात आला होता आणि काम लवकर संपलं म्हणून न कळवता तिच्या लॉबीत आला होता. ऑक्टोबर होता. त्याने ममाच्या मयताला घातलेला शर्ट घातला होता आणि हातात काकवीची बरणी होती, ज्वारीच्या ताटांची, घरी आटवलेली. टेबलाशी कंपनीचे दोन मोठे साहेब आणि त्यांचे पाहुणे उभे होते. डॅरेल तिला बघून हसला. तोपर्यंत तिने त्याला दातांशिवाय बघितलं नव्हतं. ममा होती ती. ममाचं पहाटेचं तोंड त्या संगमरवरी जमिनीवरून तिच्याकडे येत होतं. आणि लनेट तिचं ते रुंद हसू हसून म्हणाली होती, 'सर, आपल्याला कुणाला भेटायचंय?' तो थांबला. त्याने त्या साहेबांकडे बघितलं, मग तिच्याकडे. मग तोंडावर हात धरून म्हणाला, 'चुकीच्या बिल्डिंगमध्ये आलो वाटतं, मॅडम.' बरणी सांभाळत तो फिरत्या दारातून गेला. फिरत्या दाराची त्याला सवय नव्हती, ते एक फेरी जास्त फिरलं. संध्याकाळी तिने फोन केला तेव्हा तो नुसतं म्हणाला, बिल्डिंग मोठी आहे गं. त्यावर पुढे कधी कोणी बोललं नाही.

उसनी गाडी चालवत ती पोचली तेव्हा शनिवार उजाडला होता आणि शाळेच्या मैदानात गाड्या दाट लागल्या होत्या, काचांना आतून वाफ धरलेल्या. लोक शुक्रवार पहाटेपासून येऊन गाड्यांतच राहिले होते. कुणी दारं उघडून पाय बाहेर टाकून बसलं होतं, कुणी शेगडीवर कॉफी करत होतं. जत्रा भरावी तसं दिसत होतं, फक्त आवाज नव्हता. ज्या माणसांचं तोंड दुखतं ती फार बोलत नाहीत. तिला दोनशे बारा नंबर मिळाला. हॉलमध्ये, जिथे ती शाळेत असताना बास्केटबॉलचे सामने व्हायचे, तिथे साठ खुर्च्या ओळीने मांडल्या होत्या आणि त्यांच्यामध्ये पडदे नव्हते. सगळ्यांची तोंडं उघडी होती. लवंगेच्या तेलाचा वास, पाणी ओढणाऱ्या नळ्यांची घरघर, आणि पत्र्याच्या तबकात मध्येच उठणारा एखादा बारीक टणत्कार. दारात निळे टी-शर्ट घातलेले लोक पाण्याच्या बाटल्या वाटत होते. त्यांच्यात ग्रेसन होता. ती जागच्या जागी थिजली. वळून जावं तर मागे रांग होती. तिने तोंडावर हात धरला. तो तिच्यापाशी आला, तिच्या डोळ्यांत बघितलं, बाटली दिली, आणि फार हळुवारपणे म्हणाला, 'घाबरू नका, मॅडम. इथले डॉक्टर फार चांगले आहेत.' त्याच्या आवाजात खोटं काही नव्हतं. तो दोन दिवसांची रजा टाकून, चार तास गाडी चालवून इथे आला होता. तो पुढच्या माणसाकडे वळला. आधी तिचा जीव भांड्यात पडला. मग हळूहळू, भूल उतरताना दुखणं यावं तसं, तिला दुसरंच काहीतरी जाणवायला लागलं. आठ वर्षं रोज तो कुणाला बघत होता? आणि तिने हात काढून हसून दाखवलं असतं तरी त्याने ओळखलं असतं का? नसतंच ओळखलं. तो जे ओळखायचा ते तुटलं होतं.

डॅरेल मैदानाच्या टोकाला त्याच्या जुन्या ट्रकमध्ये होता. आदल्या दिवशी सकाळी दहा वाजता येऊन तो थांबला होता, आणि या वेळी त्याचा नंबर सत्तावीस होता. कवळीच्या ट्रकचा. तो कागद त्याने टोपीच्या आतल्या पट्टीत खोचून ठेवला होता. तिला बघून तो उतरला, आणि दोघं एकमेकांसमोर आपापल्या तोंडावर हात धरून उभे राहिले. मग तो हसला, मग तीही. तिने सांगितलं की दोनशे बारा नंबरवाल्यांना दात काढून मिळेल, भरून मिळेल, नवा मिळणार नाही. आधी विचारून आली होती. काही हरकत नाही, ती म्हणाली, बघू. महिन्यातले बावीस दिवस गेले होते. डॅरेलने टोपी काढली, कागद काढला, आणि तिच्या हातात दिला.

'हा तुझा आहे,' ती म्हणाली.

'नाव लिहिलं नाहीये अजून. आत गेल्यावर लिहितात.'

'डॅरेल, तीन वर्षं थांबलायस तू.'

'मग चौथं थांबेन. मला कुणाला हसून दाखवायचंय, नेटी? गवताला?'

ती नाही म्हणाली. दोनदा म्हणाली. पण तिच्या नंतर लक्षात आलं, आणि पुढे कितीतरी दिवस लक्षात येत राहिलं, की नाही म्हणायला जितका वेळ लागायला हवा होता तितका तिला लागला नाही, आणि दुसऱ्यांदा नाही म्हणताना कागद तिच्या पर्समध्ये होता.

डॉक्टर तरुण होता, डोळे तांबारलेले. त्याने मूळ काढलं. शेजारचे दोन फार दिवस धरणार नाहीत, असं त्याने चाळिसाव्यांदा सांगत असल्यासारखं सांगितलं. मग ट्रकमध्ये तिच्या टाळूचा साचा घेतला, आणि दुपारी तिच्या हातात एक गुलाबी पट्टी आली, तिला एकच दात. एका दाताची कवळी. तिने ती बसवली, आरशात बघितलं, आणि तिला तिचा चेहरा परत मिळाला. इतका पटकन की जणू मधे काही झालंच नव्हतं. 'याने चावू नका,' तो डॉक्टर म्हणाला. 'हा खायचा नाही, दाखवायचा आहे.' ती ट्रकच्या पायऱ्या उतरत असताना पुढच्याला आत बोलावलं, अठ्ठावीस नंबरला. तो एक म्हातारा होता, त्याच्या बायकोने त्याचा दंड धरला होता. लनेटने त्यांच्याकडे बघितलं नाही.

डॅरेलच्या ट्रकमध्ये ते दोघं बसले. तिच्या जखमेवर कापूस होता आणि ओठ बधिर होते, स्वतःचे नसल्यासारखे. तो चर्चच्या बायकांनी वाटलेलं ताक घेऊन आला होता. त्यात मक्याचा पाव कुस्करून चमच्याने खात होता. हिरड्यांनी. जबडा एका विशिष्ट पद्धतीने आडवा फिरत होता, आणि ती पद्धत तिला पाठ होती. ममा कवळी दुखायला लागली की अशीच जेवायची. लनेटला बोलायचं होतं. त्या ऑक्टोबरचं, त्या बरणीचं. तीन वर्षांत पहिल्यांदाच ते वाक्य तिच्या तोंडाशी तयार होतं, आणि तोंडच तिचं नव्हतं. ती म्हणाली, 'त्या दिवशी, लॉबीत,' पण बाहेर जे आलं ते शब्दांसारखं नव्हतं.

'बोलू नको, कापूस पडेल,' डॅरेल म्हणाला. तो काचेतून समोर बघत होता. त्याला समजलं होतं की नाही हे तिला कळलं नाही. चमचा ताकात फिरवत थोड्या वेळाने तो म्हणाला, 'तुझ्या त्या ऑफिसात आलो होतो ना मी. काय दिसत होतीस. मला आधी वाटलं, ही आपली नेटीच का? मीच घाबरलो. म्हटलं, उगाच कशाला, चांगलं चाललंय हिचं.' आणि मग, जसं काही ते त्याचंच चुकलं होतं: 'न सांगता यायला नको होतं.' लनेटच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने ते दुखण्याचं समजून खिशातून दोन गोळ्या काढून दिल्या. तिने घेतल्या. संध्याकाळच्या आत घाट उतरायचा म्हणून ती लवकर निघाली, आणि उतारावर मागच्या आरशात डोंगर लहान होत जाताना तिने ठरवलं की पुढच्या वर्षी आपण गुरुवारीच यायचं, गाडीत राहायचं, आणि पहिला नंबर डॅरेलला काढून द्यायचा. हे ठरवल्यावर तिला झोप आल्यासारखं हलकं वाटलं.

सोमवारी मिस क्लॉडेटनी तिची हनुवटी वर करून बघितलं, मिठी मारली, आणि ती पुन्हा वर गेली. ग्रेसनने कप उंच केला. 'सनशाइन! सुट्टीवर होतीस वाटतं? मी पण जाऊन आलो डोंगरात. काय सांगू, बघून काळीज हलतं.' ती म्हणाली की ऐकलंय. वर्ष गेलं. त्या पट्टीखाली टाळू कायम ओला आणि परका राहायचा. जेवताना ती पट्टी काढून रुमालात ठेवायची आणि जेवण एकटीने, मागच्या जिन्यावर करायची. दर रविवारी डॅरेलला फोन करायची. पूर्वी महिने जायचे, आता एक रविवार चुकत नव्हता, आणि दर वेळी ती त्याला रजेची आठवण करून द्यायची, मार्चमधले चार दिवस, मिस क्लॉडेटकडून लिहून घेतलेले. तो म्हणायचा, हो हो. फेब्रुवारीत कंपनीचं दहावं वाढीचं वर्ष साजरं झालं. या वेळी छत्र्या दिल्या.

त्यानंतरच्या आठवड्यात नावं नोंदवायचा कागद तिच्या टेबलावर आला तेव्हा त्यावर दुसऱ्याच काउंटीचं नाव होतं. तिला वाटलं छापताना चूक झाली. दुपारी लॉबीत कुणी नव्हतं, तिने टेबलावरूनच डॅरेलला फोन लावला. तो तळ्याकाठी कुणाच्या तरी हिरवळीवर होता, मागे यंत्राचा आवाज येत होता, तो त्याने बंद केला.

'तुला सांगणारच होतो,' तो म्हणाला. 'इकडे नाही येत ते या वर्षी. आपली काउंटी यादीतून निघाली.'

'कसली यादी?'

'गरिबांची. सरासरी मिळकत बघतात म्हणे ते लोक. तळ्याभोवती घरं झालीत ना, तीनशे तरी असतील, डॉक्टर आहेत, बँकवाले आहेत, नावा आहेत एकेकाच्या. त्यांचं आणि आमचं एकत्र करून भागलं की आपण सगळे बरे निघतो. मी पण. गवत मी त्यांचंच कापतो, त्यामुळे धरलं असेल मला.'

ती म्हणाली, मग त्या दुसऱ्या काउंटीत जाऊ, मी येते, मी नेते तुला. तो म्हणाला की तिथे तिथल्याच लोकांना घेणार आहेत, आणि तरी बघू. त्याचं 'बघू' तिला माहीत होतं. ममाचंही असंच होतं. तिला काहीतरी बोलायचं होतं, असं काहीतरी जे या वाक्यानंतर बोलता येईल, पण डोक्यात फक्त ती निळी रेघ होती, आणि ती कुठपासून कुठपर्यंत जाते हे तिला पहिल्यांदाच दिसत होतं आणि सांगता येत नव्हतं.

'आपण श्रीमंत झालो, नेटी,' डॅरेल म्हणाला, आणि हसला. त्याचं ते नुसत्या वाऱ्याचं हसू.

लनेटही हसली. छान हसली, तिला स्वतःलाच ते लॉबीत घुमताना ऐकू आलं, रुंद, गोड, दारातून येणाऱ्या कुणालाही बरं वाटेल असं. ती थांबली तेव्हा तिच्या लक्षात आलं की पलीकडे तो केव्हाच थांबला होता आणि तिचं संपायची वाट बघत होता.

'कुणी आलंय वाटतं तिकडे,' तो म्हणाला. 'ठेवू का मी?'

लॉबी रिकामी होती. काचेपलीकडच्या रस्त्यावरसुद्धा कुणी नव्हतं.

'हो,' ती म्हणाली.